ऑक्टोबरात काय चालतं, पॅड्रेजचं पिचिंग की डॉजर्सची बॅटिंग?

मिशनव्हॅली | २० सप्टेंबर २०२४

काल मायामीत डॉजर्सच्या ओहतानीने बेसबॉलमध्ये जे केलं ते बघितलंत ना सगळ्यांनी? सहा वेळा बॅटिंगला आला, सहाही वेळा हिट, त्यात तीन होमर (बॉल थेट कुंपणाबाहेर), दहा रन आणले, वर दोन बेस चोरले (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला). ५० होमर आणि ५० चोरलेले बेस एकाच सीझनमध्ये आजवर कुणी केलेले नव्हते, आणि हा पठ्ठ्या एका दिवसात ५१-५१ वर जाऊन बसला. लॉस एंजेलिसचे डॉजर्स २०-४ ने जिंकले. मी सॅन डिएगोत १४ वर्षं राहतोय, हाडाचा पॅड्रेजवाला, तरी टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझा नऊ वर्षांचा पोरगा अर्धा तास बोलत नव्हता माझ्याशी.

पण आता मुद्द्याचं. माझं मत असं आहे की प्लेऑफमध्ये, म्हणजे ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांत, आपण डॉजर्सना हरवणार आणि त्याचं कारण पिचिंग, म्हणजे आपले बॉल टाकणारे. त्यांच्याकडे बघा कोण उरलंय. ग्लासनाऊचं कोपर गेलं, गॅव्हिन स्टोनचा खांदा, कर्शॉचा पायाचा अंगठा. यामामोटो जूनपासून बाहेर होता तो आत्ता दहा दिवसांपूर्वी परत आलाय. ब्यूलर ऑपरेशननंतर आलाय पण त्याचा ईआरए पाचच्या वर. ओहतानी स्वतःही पिचर, पण कोपराच्या ऑपरेशनमुळे वर्षभर फक्त बॅटिंग करतोय. धड उभा असा एकटा फ्लॅहर्टी, तोही जुलैच्या शेवटी डेट्रॉइटहून आणलेला.

आपल्याकडे सीज, किंग, डार्विश, मसग्रोव्ह. मागे बुलपेनमध्ये (सुरुवातीचा पिचर दमला की येणारे) एस्ट्राडा, जेसन ॲडम, टॅनर स्कॉट आणि शेवटी सुआरेझ. सीजने २५ जुलैला वॉशिंग्टनमध्ये नो-हिटर टाकला (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही), आपल्या टीमच्या इतिहासातला फक्त दुसरा. बोला, माझं काय चुकतंय?

आर्टेशियाकर | २० सप्टेंबर

चुकतंय ते एवढंच की तुमच्या पिचरना टाकायचं कुणासमोर आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. ओहतानी, बेट्स, फ्रीमन, टेओस्कार, विल स्मिथ, मन्सी. श्वास घ्यायला जागा नाही. बेट्सचा जूनमध्ये हात मोडला, फ्रीमनचा लेक आजारी म्हणून तो जुलैअखेर घरी होता, तरी आम्ही डिव्हिजनमध्ये (आपल्या गटात) पहिलेच आहोत. पिचर दहा बदलले, बॅट तीच राहिली.

फ्रीमॉन्टकाका | २० सप्टेंबर

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सवाला, तेव्हा दोन्ही पार्ट्या हरल्या तरी मला गोडच लागणार. पण मिशनव्हॅलीच्या बाजूने बोलतो. आम्ही २०१०, २०१२, २०१४ ला वर्ल्ड सिरीज जिंकलो ते काय होमर मारून? २०१४ च्या सातव्या गेमला बमगार्नर दोनच दिवसांच्या विश्रांतीवर येऊन पाच इनिंग टाकून गेला आणि कॅन्सस सिटीला एक रन मिळाला नाही. ऑक्टोबरात पिचरच लागतो.

कोथरूड_पॅव्हेलियन | २१ सप्टेंबर

मी पुण्यातून वाचतोय. ओहतानीमुळे यंदाच बघायला लागलो, तुमची रात्रीची मॅच आमच्याकडे सकाळी पावणेआठला लागते, ऑफिसला जायच्या आधी चार-पाच इनिंग होतात. बाळबोध प्रश्न आहे, ईआरए म्हणजे नक्की काय आणि किती चांगला? आणि फुलटॉसच तर टाकतात, मग एवढं न लागण्यासारखं काय असतं त्यात?

जळगावची_कॅचर | २१ सप्टेंबर

कोथरूड, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. पिचर नऊ इनिंगमागे सरासरी किती रन देतो तो ईआरए, फिल्डरच्या चुकीने गेलेले रन सोडून. तीनच्या आसपास म्हणजे उत्तम (आपला मायकल किंग तिथे आहे), चार म्हणजे ठीक, पाचच्या वर गेला की मॅनेजरची झोप उडते.

आता फुलटॉसचं. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, इथे पिचर ६० फूट ६ इंचांवरून टाकतो, तेही उंचवट्यावर उभा राहून. ताशी ९५ मैलाचा बॉल यायला साधारण ०.४ सेकंद लागतात आणि बॅट गोल असते, चपटी नाही. टप्पा नसला तरी बॉल हवेतच काम करतो. यामामोटोचा स्प्लिटर निम्म्या वाटेपर्यंत फास्टबॉलच दिसतो आणि मग पायाखालची फळी काढल्यासारखा खाली बसतो, तोवर बॅट फिरलेली असते.

मी शाळेत असताना आंतरशालेय सॉफ्टबॉलला कॅचर होते. कडक उन्हात उकिडवं बसून मांड्या भरून यायच्या. सर सांगायचे, पिचरचा हात बघू नकोस, बॅटरचे पाय बघ, त्याला काय हवंय ते पाय सांगतात. ते अजून डोक्यात बसलंय, टीव्हीवरसुद्धा मी आधी पाय बघते.

म्हणूनच मिशनव्हॅलींशी थोडं असहमत. पॅड्रेजची खरी ताकद मला पिचिंग वाटतच नाही. यंदा सगळ्यात कमी स्ट्राइकआऊट (बॉल न लावताच आऊट) होणारी टीम आपली आहे. अराएझला बघा, मे महिन्यात मायामीहून आला, बॅटिंग टायटलच्या (सगळ्यात जास्त ॲव्हरेजच्या) शर्यतीत आहे आणि आऊट झाला तरी बॉल लावून होतो. असे बॅटर फुकट आऊट देत नाहीत, बेसवर सतत माणसं आणतात, मग पाचव्या-सहाव्या इनिंगला बुलपेन उघडावं लागतं. डॉजर्सचे स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर) आधीच तोकडे, त्यांच्यावर हीच बॅटिंग भारी पडेल.

आर्टेशियाकर | २१ सप्टेंबर

ताई, अराएझ आवडतो मलाही, पण त्याचे होमर बोटावर मोजण्याइतके, वॉकही (चार वाईट बॉल सोडून फुकटचा पहिला बेस) घेत नाही. सिंगल मारून पहिल्या बेसवर उभा राहतो आणि मागच्याची वाट बघत बसतो. नुसत्या ॲव्हरेजचा जमाना गेला.

मिशनव्हॅली | २१ सप्टेंबर

हे सॅन डिएगोत बोलू नका. इथे पॅड्रेजच्या टोनी ग्विनचा पुतळा आहे पार्कात. आठ बॅटिंग टायटल आणि १९९४ ला .३९४ ॲव्हरेज, ते संपामुळे सीझन अर्धवट राहिला म्हणून, नाहीतर .४०० झालं असतं असं आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून शपथेवर सांगतात. आमच्या गावात सिंगलला मान आहे.

वरणभात | २२ सप्टेंबर

विषयांतर करते, माफ करा. पॅड्रेजच्या पेटको पार्कला सासूबाईंना घेऊन जातेय, साताऱ्याहून आल्यात, शाकाहारी. तिथे खायला काय मिळतं? आणि तीन तास बसतील का त्या?

मिशनव्हॅली | २२ सप्टेंबर

गार्लिक फ्राइज, शेंगदाणे, आईस्क्रीम. ट्रॉलीने जा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. आणि शाल न्याच, संध्याकाळी समुद्रावरून दमट गार हवा येते. त्या गार हवेत बॉल कमी लांब जातो, दुपारी होमर गेला असता तो रात्री कुंपणापाशी कॅच होतो. आमचं पार्क पिचरला मानवतं ते त्यामुळेही. आमची आई २०२२ ला आली होती, पहिल्या तीन इनिंग विणत बसली आणि सातव्या इनिंगला शेजारच्या मेक्सिकन आजींबरोबर उभी राहून ओरडत होती.

निळी_टोपी | २२ सप्टेंबर

२०२२ चं नाव काढलंत. आम्ही त्या वर्षी १११ मॅच जिंकल्या आणि पहिल्याच सिरीजला तुम्ही आम्हाला ३-१ ने घरी पाठवलं. गेल्या वर्षी ॲरिझोनाने तीन सलग, पहिल्या गेमला कर्शॉला एकच आऊट मिळाला आणि सहा रन गेले. मी लॉस एंजेलिसला २००९ पासून आहे, ती रात्र अजून पोटात ढवळते. त्यामुळे आर्टेशियाकर कितीही बॅटिंगचे गोडवे गाऊ दे, मला पिचिंगची भीती वाटते. मनापासून वाटते.

मिशनव्हॅली | २४ सप्टेंबर, रात्री

ट्रिपल प्ले!!!!! एका बॉलवर तिघं आऊट! डॉजर स्टेडियममध्ये! नववी इनिंग, दोघं बेसवर, एकही आऊट नाही, डॉजर्सच्या रोहासने जमिनीवरून ग्राउंडर मारला, आमच्या मचाडोने उचलून थर्डवर पाय दिला, सेकंड, फर्स्ट, खेळ खलास! ४-२! त्याच बॉलवर आम्ही प्लेऑफमध्ये! डिव्हिजनमधलं तीन गेमचं अंतर दोनवर आलं. पोराला झोपेतून उठवलं, बायको ओरडतेय, ओरडू दे.

जळगावची_कॅचर | २४ सप्टेंबर

मी सोफ्यावरून पडले. सुआरेझला स्ट्राइकआऊट नको होता, ग्राउंडरच हवा होता, आणि मिळाला.

आर्टेशियाकर | २७ सप्टेंबर

बुधवारी ४-३, काल ७-२. डिव्हिजन आमची. पण आनंद निम्मा, फ्रीमनचा घोटा मुरगळला फर्स्ट बेसवर अराएझचा टॅग चुकवताना. तो लंगडत आत गेला तेव्हा सगळं स्टेडियम गप्प झालं होतं. मी होतो तिथे.

मिशनव्हॅली | २७ सप्टेंबर

फ्रीमन लवकर बरा होवो. त्याच्यासमोर जिंकायचंय, त्याच्याशिवाय नाही.

वरणभात | २ ऑक्टोबर

काल सासूबाईंना घेऊन वाइल्ड कार्डची (प्लेऑफची पहिली फेरी) पहिली मॅच बघितली, तिकीट महाग पडलं पण काय सांगू! किंगने सात इनिंगमध्ये १२ जणांना स्ट्राइकआऊट केलं, एकही वॉक नाही, अटलांटा ०, आपण ४. सासूबाईंना नियम शून्य माहीत, पण पाचव्या इनिंगला म्हणाल्या, "हा पोरगा त्यांना बॅट लावूच देत नाहीये गं." आता त्या रोज विचारतात किंग कधी खेळणार.

मिशनव्हॅली | २ ऑक्टोबर, रात्री

५-४. अटलांटा घरी, आम्ही डॉजर्ससमोर. पण मसग्रोव्हने चौथ्या इनिंगला कोपर धरलं आणि गेला. तो इथलाच, एल कहोनचा. २०२१ चा आमचा पहिला नो-हिटर त्याचाच. मला जिंकल्यासारखं वाटतच नाहीये.

फ्रीमॉन्टकाका | ३ ऑक्टोबर

आता तुमच्या चार स्टार्टरचे तीन झाले. तुमच्या पहिल्या पोस्टमधली अर्धी हवा इथेच गेली, लक्षात ठेवा.

निळी_टोपी | ५ ऑक्टोबर

७-५!! यामामोटोने तीन इनिंगमध्ये पाच रन दिले, मी डोकं धरून बसलो होतो, आणि दुसऱ्या इनिंगला ओहतानीने सीजला तीन रनांचा होमर मारून सगळं बरोबरीत आणलं. सीजपण चौथ्या इनिंगमध्येच गेला.

आर्टेशियाकर | ६ ऑक्टोबर, रात्री

आज खेळाचं नंतर लिहितो, १०-२ हरलो ते बरोबरच हरलो, डार्विशने सात इनिंगमध्ये एक रन दिला आणि तुम्ही सहा होमर मारले. पण तुमच्या प्रोफारच्या अंगावर बॉल आणि बाटल्या फेकणारे जे होते ते आमचे लोक होते याची मला खूप लाज वाटते. पहिल्या इनिंगमध्ये त्याने बेट्सचा होमर कुंपणावरून हात घालून परत आणला, तो कॅच बघायला मिळाला म्हणून तिकिटाचे पैसे वसूल झाले असं म्हणायला हवं होतं. माझ्या रांगेत मुलं होती. मिशनव्हॅली, सॉरी यार.

मिशनव्हॅली | ६ ऑक्टोबर

तुझ्याकडून सॉरी कशाला. पेटकोला ये परवा, माझ्याबरोबर बस, निळी टोपी घालून ये, कुणी काही बोलणार नाही.

जळगावची_कॅचर | ८ ऑक्टोबर, रात्री

६-५, आपण सिरीजमध्ये २-१ पुढे. पहिल्या इनिंगला बेट्सचा बॉल परत प्रोफारकडेच गेला, या वेळी ग्लोव्हच्या वरून. दुसऱ्या इनिंगला आपण ब्यूलरला सहा रन ठोकले, त्यातला टाटीसचा होमर तर काय कडक. लगेच तिसऱ्यात टेओस्कारचा ग्रँड स्लॅम, चार रनांचा होमर. जिंकलो आहोत आणि मला झोप येत नाहीये, कारण दुसऱ्या इनिंगनंतर आपल्याला एक रन नाही. त्यांच्या पिचरनी आपल्या लोकांच्या बॅटा वरच्या बॉलवर फिरवायला लावल्या. पाय बघा, सगळे पुढच्या पायावर पडतायत, होमर मारायला निघाल्यासारखे. ही आपली बॅटिंग नव्हे.

मिशनव्हॅली | ८ ऑक्टोबर

ताई आज तरी नको ना. एक मॅच राहिली. आर्टेशियाकर माझ्या शेजारी बसून सहा रन गेले तेव्हा नुसता पाणी पीत होता, त्याला घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि पाठवला दोन तासांच्या ड्राइव्हला.

आर्टेशियाकर | ९ ऑक्टोबर

पिठलं फर्स्ट क्लास. वहिनींना सांग. पुढच्या मॅचचं मात्र आमच्याकडे स्टार्टरच नाही, बुलपेनवर ढकलणार म्हणे. देवाला हात जोडलेत, नवरात्र चालूच आहे.

कोथरूड_पॅव्हेलियन | १० ऑक्टोबर, सकाळी

आज ऑफिसला दांडी. ८-० !! डॉजर्सनी आठ पिचर वापरले, आठ, आणि एकही रन नाही दिला. हे कसं शक्य आहे? तुम्ही तर म्हणत होतात त्यांच्याकडे पिचरच नाहीत.

जळगावची_कॅचर | १० ऑक्टोबर

कोथरूड, स्टार्टर नाहीत. बुलपेन आहे, आणि आम्ही सगळे महिनाभर स्टार्टर मोजत बसलो. बॅटर एकाच पिचरला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बघतो तेव्हा त्याला बॉल कळायला लागतो. काल ती संधीच दिली नाही. एकदा बघितलेला पिचर परत दिसलाच नाही म्हणा ना. ब्रेझियर, बांडा, कोपेक, व्हेसिया, फिलिप्स, हडसन, ट्रायनेन, नॅक. उजवा, डावा, उंच, वेगवान, प्रत्येकाचा हात वेगळ्या जागेवरून. मी पहिल्यांदा लिहिलं होतं की त्यांना बुलपेन लवकर उघडायला लावलं की आपण जिंकू. बरोबर उलटं झालं. आणि सीजला कमी विश्रांतीवर आणला ते मला आधीच पटलं नव्हतं, दोन इनिंगसुद्धा झाल्या नाहीत.

फ्रीमॉन्टकाका | १० ऑक्टोबर

मसग्रोव्ह असता तर सीजला घाई करावी लागली नसती. एक कोपर, बाकी काही नाही.

मिशनव्हॅली | ११ ऑक्टोबर, रात्री ९

२-०. संपलं.

निळी_टोपी | ११ ऑक्टोबर

मी रडलो, खरंच. यामामोटो पाच इनिंग, दोन हिट. मार्चमध्ये कोरियात सोलला याच टीमसमोर पहिल्या इनिंगला पाच रन देऊन बाहेर बसला होता तो मुलगा. गेल्या शनिवारी परत पाच. आज शून्य. त्याच्यानंतर फिलिप्स, व्हेसिया, कोपेक, ट्रायनेन. किके आणि टेओस्कार, दोन हर्नांडेझ, एकेक होमर, बास.

जळगावची_कॅचर | ११ ऑक्टोबर

डार्विशबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. पावणेसात इनिंगच्या जवळ टाकलं त्याने, तीन हिट फक्त. तीनातले दोन कुंपणाबाहेर गेले. ओहतानीला त्याने अख्ख्या संध्याकाळी काही करू दिलं नाही. अशी पिचिंग करून हरणं फार वाईट असतं, कॅचरलाच कळतं ते, पिचर आपल्याकडे बघतो आणि आपल्याकडे सांगायला काही नसतं.

आपली मॅच तिसऱ्या इनिंगला गेली. दोघं बेसवर, एक आऊट, टाटीस समोर, आणि डबल प्ले. त्यानंतर एकही माणूस बेसवर आला नाही आपला. पहिल्या तीन मॅचमध्ये २१ रन, मग शेवटच्या २४ इनिंगमध्ये शून्य.

आर्टेशियाकर | ११ ऑक्टोबर

मिशनव्हॅली, धागा तू काढलास, उत्तर तूच दे. पिचिंग की बॅटिंग?

मिशनव्हॅली | १२ ऑक्टोबर, सकाळी

रात्री झोप नाही, आत्ता लिहितोय.

पिचिंगच. पहिल्या दिवशी लिहिलं ते अजून तसंच मानतो, फक्त कुणाचं ते चुकलो. तुमचे स्टार्टर पडले म्हणून तुमचं पिचिंग पडलं असं धरून चाललो, आणि ज्यांची नावं मला धड पाठ नव्हती त्या सात-आठ जणांनी आमच्या २४ कोरड्या इनिंगमधल्या बऱ्याचशा टाकल्या. आमच्या बॅटिंगबद्दल ताईंनी आठ तारखेला लिहिलं होतं ते तेव्हा ऐकायचं नव्हतं मला.

वाईट याचं वाटतं की ही टीम मला आजवरच्या सगळ्या पॅड्रेजमध्ये जास्त आवडली. जुलैतल्या ऑल-स्टार ब्रेकला ५० जिंकलेल्या ४९ हरलेल्या होत्या, तिथून ९३ वर आणल्या. मेरिल २१ वर्षांचा, आयुष्यभर शॉर्टस्टॉप खेळलेला, त्याला सेंटर फील्डला उभा केला आणि त्याने २४ होमर मारले. अराएझने .३१४ वर टायटल घेतलं, तीन वर्षांत तीन वेगळ्या टीमकडून. १९६९ पासून आमच्या गावाला एक वर्ल्ड सिरीज नाही, १९८४ आणि १९९८ ला तिथवर गेलो आणि परत आलो. गेल्या नोव्हेंबरात मालक पीटर सायडलर गेले, त्यांना बघायला मिळावं असं वाटत होतं, ते नाही झालं, निदान त्यांच्या आठवणीत खेळलेल्या या वर्षात तरी व्हायला हवं होतं.

पोरगा सकाळी उठून टोपी घालूनच दात घासत होता. म्हणाला, बाबा, स्प्रिंग ट्रेनिंग कधी असतं?

वरणभात | १२ ऑक्टोबर

सासूबाई विचारतायत किंग पुढच्या वर्षी आहे ना.

मिशनव्हॅली | १२ ऑक्टोबर

आहे म्हणावं. फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंगला (सीझनआधीच्या सरावाला) ॲरिझोनातल्या पिओरियाला जाणार आहोत आम्ही, त्या असतील इथे तर चला.

आर्टेशियाकर | १२ ऑक्टोबर

आज दसरा. आपट्याची पानं नाहीत, पण श्रीखंड घेऊन निघालोय, साडेबारापर्यंत पोचतो. निळी टोपी घरीच ठेवली आहे. पोराला सांग.